विकलेलं कर्ज, न दाखवलेले कागद: वसुलीच्या पत्राला उत्तर द्यायला किती खर्च येतो?

आपलं थकलेलं खातं बँकेने विकलं, हे बहुतेकांना बँकेकडून कळत नाही. कळतं ते एखाद्या अनोळखी नंबरवरून. "तुमचं अमुक बँकेचं क्रेडिट कार्डाचं खातं आता आमच्याकडे आलंय, एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार थकीत आहेत, आज काही भरलंत तर सेटलमेंट करून देतो." कार्ड सात-आठ वर्षांपूर्वीचं. ते बंद करायला सांगितल्याचं आठवतं, वीस-बावीस हजारांच्या एका नोंदीवरून बँकेशी वाद झाला होता तोही आठवतो. पण कागद घर बदलताना गेले. समोरच्याकडे तरी ते आहेत का, हा प्रश्न त्या घाबरलेल्या क्षणी सुचत नाही. तो कसा आणि कुणाला विचारायचा, आणि त्यासाठी खिशातून किती जातं, ते इथे सांगतो.

आधी खर्चाचं बोलू. कागद मागणारं पत्र स्पीड पोस्टने पाठवायला शंभर रुपयेही लागत नाहीत. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करायला शुल्क नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क शून्य आहे. वकिलाची गरज पडते ती न्यायालयाचं समन्स, लवादाची नोटीस किंवा चेक न वटल्याची नोटीस हातात पडल्यावर. आणि सगळ्यात जास्त पैसे जातात ते समन्सकडे दुर्लक्ष करून एकतर्फी हुकूमनामा झाल्यानंतर. म्हणून पहिल्या पत्राचा आळस करू नका, एवढं मी अगदी कळकळीने सांगेन.

समोरचा कोण आहे?

फोन करणारा बहुतेक वेळा कर्जाचा मालक नसतो, मालकाने नेमलेला वसुली एजंट असतो. त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही मालक की एजंट? एजंट असेल तर अधिकारपत्र आणि ओळखपत्र दाखवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मालक साधारणपणे एआरसी, म्हणजे मालमत्ता पुनर्रचना कंपनी असते. या कंपन्या 2002 च्या सरफेसी कायद्याखाली रिझर्व्ह बँकेकडे नोंदवलेल्या असतात आणि त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. यादीत नाव नसेल तरी ती फसवणूकच आहे असं लगेच धरू नका. थकीत कर्ज दुसऱ्या बँकेला किंवा एनबीएफसीला, म्हणजे बिगरबँक वित्त कंपनीलाही विकता येतं. रिझर्व्ह बँकेने त्याचे नियम सप्टेंबर 2021 मध्ये घालून दिले. मात्र खरेदीदार कोण हे लेखी कळेपर्यंत एक रुपयाही भरायचा नाही.

एआरसीच्या पत्रावर बऱ्याचदा "अमुक ट्रस्टचे विश्वस्त या नात्याने" असा मजकूर असतो. ते नाव आणि क्रमांक जसाच्या तसा टिपून ठेवा. खाती एकेक विकली जात नाहीत, त्यांचे गठ्ठे विकले जातात, आणि प्रत्येक गठ्ठ्यासाठी वेगळा ट्रस्ट असतो. पुढे तुम्ही पैसे भरलेत तर पावती त्याच ट्रस्टच्या नावाने हवी.

गठ्ठ्याने होणाऱ्या या विक्रीतच कागदांच्या घोळाचं मूळ आहे. हजारो खात्यांची यादी संगणकावरून संगणकावर जाते: नाव, पॅन, थकीत रक्कम, शेवटच्या भरण्याची तारीख. सही केलेला अर्ज, करारनामा, महिन्यामहिन्याची स्टेटमेंट, तुम्ही वाद घातल्याची ईमेल हे सगळं त्या यादीबरोबर येतंच असं नाही. फोनवरच्या माणसासमोर फक्त एक आकडा असतो. तो आकडा कसा झाला, हे त्यालाही ठाऊक नसतं.

इथे एक कायदा पक्का लक्षात ठेवा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 132 नुसार कर्ज विकत घेणाऱ्याला ते त्याच्यावरच्या सगळ्या वादांसकट घ्यावं लागतं. मूळ बँकेविरुद्ध तुमचा जो बचाव होता, तोच खरेदीदाराविरुद्धही चालतो. बँकेने चुकीचा आकार लावला असेल, बंद करायला सांगितलेल्या कार्डावर वार्षिक फी लावत राहिली असेल, विम्याचा हप्ता न विचारता जोडला असेल, तर "ते बँकेचं, आमचा संबंध नाही" हे उत्तर कायद्याला धरून नाही. तसंच, विक्रीची नोटीस मिळण्याआधी तुम्ही मूळ बँकेत भरलेले पैसे तुमच्या खात्यावरच जमा धरले जातात. एआरसीने ते खातं किती स्वस्तात घेतलं, याने मात्र तिचा कायदेशीर दावा कमी होत नाही. तो मुद्दा वाटाघाटीत उपयोगी पडतो, बचावात नाही.

शंभर रुपयांचं पत्र

पत्र दोघांना लिहायचं, खरेदीदाराला आणि मूळ बँकेलाही. दोन्ही स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती ठेवा आणि तोच मजकूर दोघांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल करा. एआरसीसाठी 2020 पासून असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या आचारसंहितेनुसार कर्जदाराला पाठवलेल्या प्रत्येक पत्रावर या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असायला हवा. तो नसेल तर तेही पत्रात लिहा.

मजकूर असा चालेल:

"आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. त्यात नमूद केलेली रक्कम मला मान्य नाही. हे पत्र कोणत्याही कर्जाची कबुली नाही. पुढील कागदपत्रांच्या प्रती पाठवाव्यात: माझ्या सहीचा अर्ज व करारनामा, खाते उघडल्यापासून आजपर्यंतचा पूर्ण उतारा, त्यात मुद्दल, व्याज, दंड व कर वेगळे दाखवून, माझ्या खात्याचा उल्लेख असलेला हस्तांतरण दस्त व त्याच्या परिशिष्टातील संबंधित पान, हस्तांतरणाची नोटीस मला कधी व कोणत्या पत्त्यावर पाठवली याचा पुरावा, आणि शेवटच्या भरण्याची तारीख. कागदपत्रे मिळेपर्यंत या खात्यावर वाद आहे अशी नोंद करावी व यापुढील सर्व व्यवहार लेखी करावा."

पत्रात ना राग हवा, ना घरच्या अडचणींची कहाणी. "माझी नोकरी गेली होती म्हणून थकले" हे वाक्य कितीही खरं असलं तरी कबुली म्हणून वाचलं जाऊ शकतं. मुदत कायद्याच्या कलम 18 मध्ये अशी कबुली पैसे द्यायला नकार देत लिहिली असली तरी ग्राह्य धरली जाते, म्हणून "मला मान्य नाही" हे शब्द वगळू नका.

बँकेकडून करारनाम्याची प्रत मागताना कचरू नका. कर्ज मंजूर करताना करारनामा आणि त्याच्या जोडपत्रांची प्रत कर्जदाराला देणं हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आधीपासून आहे. खूप जुन्या स्टेटमेंटसाठी बँक प्रतीमागे काही आकार मागते. तो तिच्या दरपत्रकात छापलेला असतो. तेवढाच द्या आणि पावती घ्या.

उतारा आला की हिशेब तपासा. क्रेडिट कार्डावर न भरलेले आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायला 2022 पासून बंदी आहे. कर्जावरच्या दंडाला दंड म्हणूनच दाखवायचं, व्याजात मिसळायचं नाही, हा नियम एप्रिल 2024 पासून लागू झाला. कार्ड बंद करण्याच्या लेखी विनंतीनंतर, थकबाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. म्हणून ती जुनी ईमेल, तो तक्रार क्रमांक शोधा. सगळे कागद नाही सापडले तरी एक स्क्रीनशॉट दोन लाखांच्या आकड्याला हलवू शकतो.

पाचशे रुपयांचं टोकन

"पाचशे रुपये टोकन भरा, म्हणजे फाइल होल्डवर टाकतो." ही मागणी फार ऐकू येते आणि चांगली शिकलेली माणसंही तिला फसतात. साध्या विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा लावायची मुदत 1963 च्या मुदत कायद्यानुसार साधारण तीन वर्षं असते. ती संपण्याआधी तुम्ही काही रक्कम भरलीत आणि त्याची नोंद तुमच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी झाली, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. मुदत संपून गेल्यावर टोकनाने ती परत येत नाही. पण त्याबरोबर पाठवलेल्या "मी उरलेली रक्कम देईन" अशा सहीच्या कागदाने येते, कारण करार कायद्याचं कलम 25 अशा लेखी वचनाला मान्यता देतं. टोकनाच्या लिंकबरोबर येणारा फॉर्म म्हणूनच पाचशे रुपयांपेक्षा कितीतरी महाग पडतो.

मुदत मोजताना करोनाचा काळ विसरू नका. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे. मार्च 2019 च्या मध्यात थकलेल्या खात्याचं एक वर्ष टाळेबंदीआधी संपलं, उरलेली दोन वर्षं मार्च 2022 पासून धरली जातात, म्हणजे मुदत 2024 च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत गेली. घर तारण असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे मुदत बारा वर्षांची असते आणि प्रकरण सरफेसीच्या वेगळ्या वाटेने जातं. पतसंस्थेच्या कर्जाचीही वाट वेगळी, सहकार कायद्याच्या कलम 101 ची. या दोन्हींत वकील लवकर गाठा.

मुदत संपली म्हणजे कर्ज पुसलं गेलं असं होत नाही. न्यायालयातून वसूल करण्याचा हक्क जातो. सिबिलवरची नोंद राहू शकते आणि फोनही येऊ शकतात. फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. नातेवाइकांना, ऑफिसात फोन करून बदनामी करणं, धमकावणं यालाही बंदी आहे. रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट 2022 चा हा आदेश एआरसींनाही लागू आहे. फोनची वेळ आणि नंबर एका वहीत लिहीत जा. तक्रारीच्या वेळी तीच वही पुरावा म्हणून जोडायची.

सिबिल आणि तक्रारी: जवळजवळ फुकटचा टप्पा

देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, म्हणजे चार अहवाल शून्य रुपयांत. महिन्याच्या वर्गणीचे पर्याय त्यांच्या पानांवर ठळक असतात. फुकट अहवालाची जागा जरा शोधावी लागते, पण असते. विकलेल्या कर्जात हमखास दिसणारी चूक म्हणजे एकच थकबाकी दोनदा, एकदा बँकेच्या नावावर आणि एकदा एआरसीच्या. हरकत त्या कंपनीच्या संकेतस्थळावरच नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला मिळायला हवी, ही तरतूद एप्रिल 2024 पासून आहे. म्हणून हरकतीची तारीख आणि क्रमांक जपा. "सिबिल साफ करून देतो" म्हणत पंधरा-वीस हजार घेणारे लोक हीच फुकटची हरकत तुमच्या नावाने नोंदवतात. त्यांना पैसे देऊ नका, आणि ओटीपी तर मुळीच देऊ नका.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा असमाधानकारक दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा. शुल्क नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं, आणि वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे स्वीकारतच नाहीत, त्यामुळे तोही खर्च वाचतो. माहितीसाठी क्रमांक 14448. एक अडचण आहे. 2021 ची लोकपाल योजना बँका आणि एनबीएफसींसाठी आली, पतमाहिती कंपन्या तिच्यात नंतर आल्या. एआरसी तिच्या यादीत नव्हत्या. एआरसीविरुद्धची तक्रार त्याच पोर्टलवरून रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जाते. म्हणून मी दोन वेगळ्या तक्रारी करायला सांगेन: कागद न देणाऱ्या, चुकीची रक्कम पुढे पाठवणाऱ्या मूळ बँकेविरुद्ध एक, आणि वाद माहीत असूनही वसुली चालू ठेवणाऱ्या एआरसीविरुद्ध दुसरी. बँकेने खातं विकलं तरी विक्रीआधीच्या तिच्या चुका तिच्याच राहतात.

जिल्हा ग्राहक आयोगात दोघांनाही एकत्र प्रतिवादी करता येतं, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. शुल्क सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरतं: पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा लाखांपर्यंत 200 रुपये, वीस लाखांपर्यंत 400 आणि पन्नास लाखांपर्यंत 1,000. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि स्वतः युक्तिवाद करता येतो. खर्च होतो तो झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र आणि तारखांना बुडणाऱ्या रोजावर. हातावर पोट असणाऱ्याने तो रोज हिशेबात धरूनच निर्णय घ्यावा. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी.

ज्याने कर्ज कधी घेतलंच नाही, ज्याचं पॅन वापरून कुणीतरी ॲपवर कर्ज उचललं, त्याचा क्रम वेगळा. आधी 1930 वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, तिची प्रत बँकेला, एआरसीला आणि पतमाहिती कंपनीला, आणि एकच मागणी: पैसे कोणत्या बँक खात्यात जमा झाले ते दाखवा. डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात जमा करायची, असा 2022 पासून नियम आहे. ते खातं तुमचं नसेल तर पुढचं बरंचसं काम त्या एका कागदाने होतं.

ज्या कागदांकडे दुर्लक्ष करायचं नाही

वसुलीची पत्रं घाबरवण्यासाठी न्यायालयासारखी सजवलेली असतात. त्यामुळे खरं समन्सही लोक त्याच गठ्ठ्यात टाकतात, आणि नुकसान तिथे होतं. समन्सवर न्यायालयाचं नाव, दाव्याचा क्रमांक, तारीख आणि शिक्का असतो. क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. साध्या दाव्यात लेखी म्हणणं तीस दिवसांत द्यायचं असतं. संक्षिप्त दावा असेल तर हजेरीलाच फक्त दहा दिवस मिळतात. न्यायालयात मात्र तुमच्या बाजूने एक गोष्ट असते: करार, नियमाप्रमाणे प्रमाणित केलेला उतारा आणि तुमच्या खात्याचा उल्लेख असलेला हस्तांतरण दस्त हे सिद्ध करण्याचं ओझं दावा लावणाऱ्यावर आहे. गैरहजर राहिलात तर ते तपासून मागणारं कुणी उरत नाही. एकतर्फी हुकूम रद्द करायला अर्ज करता येतो, पण तीसच दिवसांत, आणि तिथून वकिलाचं मीटर चालू.

लवादाची नोटीस बऱ्याचदा चेन्नईहून किंवा दिल्लीहून ईमेलने येते. करारातल्या एका पक्षाने एकट्याने नेमलेला एकल लवाद चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं आहे. ती हरकत लगेच उलट ईमेलने लेखी नोंदवा. त्याला खर्च नाही. निवाडा झाल्यावर आव्हान द्यायला तीन महिने मिळतात आणि तो खर्च मोठा असतो.

दाखलपूर्व लोकअदालतीचं बोलावणं हे समन्स नाही. गेला नाहीत तर शिक्षा नाही. गेलात तर फी नाही, आणि खरोखर तडजोड करायची असेल तर जागा चांगली आहे. पण तिथे सही केलेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. कागद न पाहता सही करू नका.

चेक न वटल्याची नोटीस आली तर पंधरा दिवस असतात, आणि ते प्रकरण फौजदारी आहे. इथे वकिलाची फी वाचवू नका. फी टप्प्याटप्प्याने नाही, उत्तराची एकरकमी ठरवून घ्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, क्रमांक 15100.

"उद्या पगार जप्त होईल" ही धमकी हुकूमनाम्याशिवाय पोकळ आहे. हुकूम झाला तरी पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. चाळीस हजार पगार असेल तर जास्तीत जास्त तेरा हजारांवर हात टाकता येतो. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. आणि कर्जदार वारला असेल, तर वारसांकडून त्यांना वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच मागता येतं. वडिलांच्या कार्डासाठी मुलाच्या पगारावर हक्क सांगणाऱ्याला हे लेखी कळवा.

कर्ज खरं असेल तर

कागद आले, हिशेब जुळला, मुदत शिल्लक आहे, पैसे आपण वापरले होते. मग फेडायचं. सेटलमेंटची बोलणी मुद्दलाच्या खऱ्या आकड्यावरून सुरू करा, फुगलेल्या थकबाकीवरून नाही. एकरकमी देऊ शकत असाल तर सूट मिळायची शक्यता जास्त. हप्त्यांत मागितलं की ती आटते. पैसे भरण्याआधी सेटलमेंटचं पत्र एआरसीच्या लेटरहेडवर हवं, त्यात ट्रस्टचं नाव, रक्कम, शेवटची तारीख आणि "यानंतर काहीही येणे बाकी राहणार नाही" हे शब्द हवेत. पैसे फक्त पत्रात लिहिलेल्या खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही.

सेटलमेंट केल्यावर सिबिलवर खातं "सेटल्ड" असं दिसतं, "क्लोज्ड" असं नाही, आणि पुढच्या गृहकर्जाच्या वेळी बँक ते पाहते. वर्षा-दोन वर्षांत घर घ्यायचं असेल आणि वादाचा भाग वजा करून पूर्ण रक्कम झेपत असेल, तर पूर्ण भरून "क्लोज्ड" करून घेणं अनेकदा स्वस्त पडतं. पैसे भरल्यावर नो ड्यूज दाखला, दिलेले कोरे चेक आणि एनएसीएच, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी, रद्द केल्याचं पत्र मागून घ्या. महिन्याभराने पतमाहितीचे अहवाल पुन्हा काढा. नोंद बदललेली नसेल तर नो ड्यूजची प्रत जोडून त्याच दिवशी हरकत टाका. तीस दिवसांनंतर दिवसाला शंभर रुपयांचा नियम इथेही लागू आहे.